जुन्या गाडीत दुसरं इंजिन टाकताय? ऑटोमॅटिक गिअरबॉक्सशी जोडी अशी जुळवा

इंजिन बदलायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास हाच असतो, की बोल्ट जुळतात का, म्हणजे इंजिनच्या मागच्या बाजूची भोकं गिअरबॉक्सच्या बेलहाऊसिंगला (इंजिनला टेकणाऱ्या, घंटेसारख्या पुढच्या भागाला) बसतात का. बसली की माणूस खूश, पैसे देऊन मोकळा. पण बोल्ट बसणं म्हणजे नुसती सुरुवात आहे, खरी गंमत आत असते. क्रँकचं मागचं टोक, फ्लेक्सप्लेट (क्रँकला लागणारी दातेरी चकती), टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा डबा) आणि स्टार्टर, या चौघांचं आपसात जमलं तरच जोडी जमली म्हणायची. म्हणून पैसे देण्याआधी कॅलिपर नि फुटपट्टी घेऊन जायचं.

आधी आपल्या हातात नक्की काय आहे ते ओळखा. गाडीच्या कागदावरच्या वर्षावर अजिबात जाऊ नका, इतक्या जुन्या गाडीत इंजिन आधीच कुणीतरी एकदा बदललेलं असू शकतं. ब्लॉकवरचा कास्टिंग नंबर पुसून वाचा, गिअरबॉक्सवरचा टॅग बघा, खालच्या ऑइल पॅनचा आकार आणि त्याचे बोल्ट मोजा, फोटो काढून ठेवा.

मग बेलहाऊसिंग. एकाच कंपनीचं, एकाच घराण्यातलं इंजिन असलं तरी फसायला होतं. फोर्डच्या २८९ व्ही-८ चंच बघा ना, सुरुवातीला बेलहाऊसिंगला ५ बोल्ट, १९६५ च्या मॉडेलपासून ६. ब्लॉकमधल्या दोन डॉवेल पिन (जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत का तेही बघा, कारण गिअरबॉक्स क्रँकच्या मध्यावर बसतो तो त्या पिनांमुळे, बोल्ट फक्त आवळून धरतात. पिन नसेल तर थोड्या दिवसांत गिअरबॉक्सच्या ऑइल पंपाची बुश आणि सील जातं आणि लोक बसतात गिअरबॉक्सला शिव्या घालत.

आता फ्लेक्सप्लेट, इथे वेळ द्या. शेवरलेच्या स्मॉल ब्लॉकला १९८६ पासून मागचं मेन सील एका तुकड्याचं आलं, त्यासोबत क्रँकच्या फ्लँजवरच्या बोल्टांचं वर्तुळ ३.५८ इंचावरून ३ इंचांवर आलं आणि बॅलन्सचं वजनही फ्लेक्सप्लेटवर गेलं, म्हणजे जुनी प्लेट नव्याला नाही आणि नवी जुन्याला नाही. हे निदान बसतच नाही म्हणून लगेच कळतं तरी. फोर्ड ३०२ ची भानगड जास्त वाईट, तिथे जुन्या इंजिनांना २८ औंस-इंचाचं बॅलन्स (प्लेटवरच्या वजनाचं माप) आणि ८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ५० चं, प्लेट मात्र दोन्हीकडे आरामात बसते. चुकीची लावली की गाडी थरथरते, मग आपण माउंट बदलतो, कार्ब्युरेटर खोलतो, आणि तेवढ्यात प्लेटला तडा गेलेला असतो. प्लेट घेताना इंजिनचं वर्ष आणि बॅलन्सचा आकडा दोन्ही विचारायचं, "याच इंजिनची आहे" एवढ्यावर नाही घ्यायची.

दातेही मोजा. शेवरलेत १५३ आणि १६८ दात्यांच्या दोन प्लेटा येतात, पहिली साधारण पावणेतेरा इंची, दुसरी १४ इंची, आणि स्टार्टरचं नाक त्यानुसार बदलतं. १५३ च्या स्टार्टरचे बोल्ट सरळ रेषेत, १६८ चे तिरके.

कन्व्हर्टरच्या दोन गोष्टी मोजायच्या, फ्लेक्सप्लेटला लागणाऱ्या बोल्टांचं वर्तुळ (जीएम म्हणजे शेवरलेच्या जनरल मोटर्समध्ये बहुधा १०.७५ किंवा ११.५ इंच, बऱ्याच प्लेटांना दोन्ही भोकं असतात) आणि पुढचा नाकाडा क्रँकच्या भोकात नीट, न डुगडुगता बसतो का ते. जीएमच्या नंतरच्या पिढीतल्या एलएस इंजिनाला त्यांचाच टीएच३५० सारखा जुना गिअरबॉक्स लावताय तर इथेच अडकाल, क्रँकचं फ्लँज साधारण ०.४ इंच आत असतं म्हणून स्पेसर लागतो. आणि आधीच्या गिअरबॉक्सचे क्लच जळले असतील तर त्याचा कन्व्हर्टर फुकट मिळाला तरी नको, आतला चुरा पूर्ण निघत नाही.

बसवताना कन्व्हर्टरमध्ये आधी लिटरभर ऑइल ओता, मग तो गिअरबॉक्सवर सरकवून दाबत दाबत फिरवा. खट्, थोडा आत. परत फिरवा, परत खट्. शेवटचा खट् पंपाचा असतो आणि तोच लोक सोडतात. पूर्ण बसल्यावर गिअरबॉक्स ब्लॉकला हाताने टेकला पाहिजे, बोल्टांनी ओढून जोडायला गेलात तर पंप फुटलाच समजा. टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतो का बघा, आणि त्याच्या नि फ्लेक्सप्लेटच्या मधे एक ते दीड सूत जागा हवी, म्हणजे ३ ते ५ मिमी. काहीच जागा नसेल तर थांबा आणि परत काढा. बोल्टही योग्य लांबीचेच, लांब असले की कन्व्हर्टरच्या तोंडाला आतून फुगवटा येतो.

आता गिअरबॉक्सला ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते कळायची सोय. टीएच३५० ला व्हॅक्यूमची नळी आणि किकडाउन केबल (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की खालचा गिअर टाकणारी), टीएच४०० ला नळी आणि विजेचा स्विच. ७००आर४ ला टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल, आणि हिला हलक्यात घेऊ नका, ती आतलं ऑइलचं प्रेशर ठरवते, त्यामुळे दुसऱ्या कार्ब्युरेटरवर केबलची ओढ चुकली की क्लच थोड्याच अंतरात जळतात. ४एल६०ई सारख्या इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सला वेगळा कंट्रोलर लागतो, तो बजेटमध्ये आधीच धरा.

बाकीचं पटकन: प्रोपेलर शाफ्टची लांबी गिअरबॉक्स बसल्यावरच मोजा, योकचे (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये जाणारं टोक) स्प्लाइन म्हणजे खाचा मोजा, क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सखालचा आडवा आधार) सरकवावा लागू शकतो, स्पीडोमीटरचं गिअर डिफरेन्शियलच्या रेशोप्रमाणे, कूलरच्या नळ्या फ्लश करा. न्यूट्रल सेफ्टी स्विच जोडल्याशिवाय चावी फिरवायची नाही, गाडी गिअरमध्ये असताना स्टार्ट झाली तर समोर उभ्या असलेल्याचं काही खरं नाही.

ऑइल गिअरबॉक्सला सांगितलंय तेच, जुन्या फोर्डच्या बऱ्याच गिअरबॉक्सना टाइप एफ लागतं, डेक्स्रॉन नाही. थोडं भरून स्टार्ट करा, चालू ठेवूनच भरत जा, ब्रेक दाबून सगळे गिअर एकेकदा फिरवा. लेव्हल इंजिन चालू आणि गरम असताना बघायची, जीएमला पार्कमध्ये, जुन्या क्रायस्लर टॉर्कफ्लाइटला मात्र न्यूट्रलमध्ये, कारण तिथे पार्कमध्ये कन्व्हर्टर भरतच नाही आणि डिपस्टिक खोटं सांगते.