ड्रेडचं एक पान उसवून बघा

चित्रकथा लिहायला शिकायची असेल तर लेखनतंत्राची पुस्तकं तूर्त बाजूला ठेवा आणि जॉन वॅगनरने लिहिलेला ‘जज ड्रेड’चा, म्हणजे भविष्यातल्या महानगरात जागच्या जागी शिक्षा ठोठावणाऱ्या पोलिसाच्या ब्रिटिश चित्रकथेचा, एखादा जुना भाग समोर घ्या. पाच-सहा पानांचा, तिथल्या तिथे संपणारा. लांबलचक मालिकेतला मधला तुकडा नको.

आता त्या छापील पानांवरून स्क्रिप्ट उलटी लिहून काढा. प्रत्येक चौकटीकडे बघायचं आणि लेखकाने चित्रकाराला काय सांगितलं असेल ते लिहायचं. ‘चौकट १. रात्र. ड्रेड मोटरसायकलवरून आपल्या अंगावर येतोय.’ बस, एवढंच. फुग्यातले शब्द जसेच्या तसे उतरवा आणि समासात त्यांचा आकडा टाका. काम कंटाळवाणं आहे, पण दुसऱ्या पानापर्यंत डोळे उघडतात. ड्रेड चार-पाच शब्दांत विषय संपवतो. हेल्मेटखालून त्याची फक्त हनुवटी दिसते, म्हणजे भावना दाखवायला डोळेच नाहीत! मग भीती, चीड, विनोद, सगळं समोरच्या नागरिकाच्या चेहऱ्यावर काढावं लागतं. मी हे कित्येक वर्षं वाचत होतो, पण स्वतः उतरवून काढेपर्यंत दिसलं नव्हतं.

ही काटकसर वॅगनरकडे आयती आली नाही. अमेरिकेत जन्मलेला, स्कॉटलंडमध्ये वाढलेला हा माणूस डंडीच्या डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेत संपादकीय खात्यात लागला. तिथे पॅट मिल्स हा लेखक भेटला आणि पुढे दोघंही नोकरी सोडून बाहेरून लिहू लागले. १९७५ मध्ये ‘बॅटल’ आणि फेब्रुवारी १९७७ मध्ये ‘२००० एडी’ ही चित्रकथांची ब्रिटिश साप्ताहिकं निघाली. ‘२००० एडी’च्या दुसऱ्याच अंकात, म्हणजे त्यांच्या भाषेत दुसऱ्या ‘प्रॉग’मध्ये, चित्रकार कार्लोस एझ्केराने घडवलेल्या रूपात ड्रेड अवतरला. त्यानंतर आठवड्याला अंक, वर्षानुवर्षं. वॅगनरने अॅलन ग्रँटबरोबर जोडीने लिहिलं, टी. बी. ग्रोव्हरसारखी टोपणनावंही वापरली. दर आठवड्याला पानं द्यायची असली की पाल्हाळ आपोआप गळतो.

आता तुमची स्वतःची चार पानं. एका पानावर पाच-सहा चौकटी पुरे. माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये नऊ होत्या, आणि एका चौकटीत नायक दार उघडतो, बंदूक उचलतो आणि मागे वळून ओरडतो. चित्रकाराने पान परत पाठवलं, त्यावर एकच ओळ: ‘ह्यातलं कोणतं काढू?’ तेव्हापासून मी प्रत्येक चौकटीतली क्रियापदं अधोरेखित करतो. दोन सापडली की एक जातं. चित्रात जे दिसणार आहे ते फुग्यात पुन्हा सांगितलं असेल, तर तेही जातं.

धक्का पान उलटल्यावर बसायला हवा. समोरच्याच पानावर असेल तर वाचकाची नजर आधीच तिकडे जाते. तेव्हा तुमचं पहिलं पान अंकात डावीकडे येणार की उजवीकडे, हे संपादकाला आधीच विचारा. लाजू नका.

मालिकेचा विचार असेल तर एक वही ठेवा. ड्रेडच्या जगात आपल्याइतकाच काळ सरतो: १९७७ मध्ये तिथे २०९९ होतं, आणि दरवर्षी तोही वर्षाने म्हातारा होतो. १९८२ च्या ‘अपोकॅलिप्स वॉर’ या कथेत ड्रेडच्या शहराची, मेगा-सिटी वनची, ८० कोटींतली निम्मी माणसं मेली, ती पुढच्या आठवड्यात परत आली नाहीत. कोण मेलं, काय मोडलं, ते लिहून ठेवा. चार पानांच्या सुट्या कथेला मात्र ही वही लागत नाही, उगाच जग रचत बसू नका.

शेवटी, चित्रकला यथातथा असलेल्या मित्राला पहिलं पान द्या आणि काड्यांची माणसं काढायला सांगा. तुम्ही गप्प बसा. त्याची पेन्सिल जिथे थांबेल, त्या चौकटीवर खूण करा.