छोट्या गाडीचं खरं ॲव्हरेज कसं काढायचं?

वॅगनआरच्या एक लीटर पेट्रोल इंजिनाचा, मॅन्युअल गिअरच्या मॉडेलचा, कंपनीने जाहीर केलेला आकडा आहे लीटरला २४.३५ किलोमीटर. तीच गाडी रोज हडपसरहून हिंजवडीला नेणाऱ्याला विचारा. तो पंधराच्या आसपास सांगेल आणि कंपनीने फसवलं म्हणेल. फसवणूक नसते. तो आकडा रस्त्यावरचा नाही, प्रयोगशाळेतला आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या, वाहनं तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे सुमारे वीस मिनिटं तिचा वेग कमी-जास्त करतात. वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. ए.सी. बंद, खड्डे नाहीत, चढ नाही, मागच्या सीटवर तिघंजण नाहीत. शोरूममध्ये दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा चांगला. तुमच्या रस्त्यावर, तुमच्या पायाखाली गाडी किती देते, हे मात्र तुम्हालाच मोजावं लागतं.

ते मोजणं सोपं आहे. तरी बहुतेकांचा आकडा चुकतो, कारण एकाच टाकीवर निकाल लावला जातो. पंपावरच्या एका खेपेचा आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो. ओळीने चार-पाच खेपांचा असेल, तर तो डोळे मिटून धरावा इतका पक्का होतो. तसं का, ते पुढे हिशेबातच दिसेल.

पहिली पायरी: टाकी फुल, रीडिंग टिपा

सोयीचा एक पंप ठरवा आणि शक्यतो तिथेच, त्याच मशीनवर, गाडी त्याच दिशेने उभी करून पेट्रोल भरा. उतारावर उभ्या गाडीची टाकी सपाटीवरच्यापेक्षा लवकर किंवा उशिरा भरते. मशीनवर शून्य बघा आणि ‘टाकी फुल’ सांगा. नोझल ‘खट्’ करून आपोआप बंद झाली की थांबायचं. पंपावरचा मुलगा सवयीने आणखी दोन-तीनदा दाबून रक्कम गोल करू लागतो. त्याला आधीच सांगून ठेवा, ‘ऑटो कट झाला की बास, पैसे सुटे देतो.’ यात मोजमापाचा फायदा आहेच, गाडीचाही आहे. टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवायला कोळशाचा एक डबा बसवलेला असतो. गळ्यापर्यंत भरलं की त्यात द्रव पेट्रोल शिरतं आणि तो निकामी होऊ शकतो.

आता ओडोमीटरचं रीडिंग लिहा. या पहिल्या खेपेला किती लीटर गेलं याला महत्त्व नाही. ही फक्त सुरुवातीची रेघ.

दुसरी पायरी: पुढच्या प्रत्येक वेळी लीटर लिहा

रुपये लिहिलेत तरी चालेल, पण लीटर चुकता कामा नये. पावतीवर लीटर दोन दशांशांपर्यंत छापलेले असतात. वही, मोबाईलमधलं टिपण किंवा एक्सेलचा तक्ता, काहीही चालेल. वही ग्लोव्ह बॉक्समध्ये असली की लिहिलं जातं, घरी असली की राहून जातं. तारीख, रीडिंग, लीटर, दर, टाकी फुल की अर्धी, आणि शेवटी एक शब्द शेऱ्याचा: ‘कोकण’, ‘ऑफिस’, ‘लग्न, पाच माणसं’. हा शेरा फार कामाचा असतो. सहा महिन्यांनी एखादा विचित्र आकडा दिसला, तर त्याचं कारण तिथेच सापडतं.

आपल्याकडे ‘पाचशेचं टाका’ ही सवय पक्की आहे. ती मोडायची गरज नाही. मधे कितीही वेळा पाचशे-हजाराचं टाका, फक्त प्रत्येक वेळचे लीटर लिहा आणि महिन्यातून एकदा टाकी फुल करा. दोन ‘फुल’च्या मधले सगळे लीटर, शेवटच्या फुलचे धरून, एकत्र करायचे. काटा पाव टाकीवरून अर्ध्यावर गेला म्हणजे इतके लीटर, असा अंदाज मात्र धरू नका. इंधनाचा काटा त्या कामाचा नाही.

तिसरी पायरी: भागाकार, आणि तोही एकदाच

समजा, ४१,२०८ वर टाकी फुल केली. त्यानंतरच्या नोंदी अशा आहेत:

४१,५७२ वर २४.६० लीटर
४१,९६८ वर २३.१० लीटर
४२,३३१ वर २४.३० लीटर
४२,७८३ वर २७.२० लीटर

पहिल्या खेपेत गाडी ३६४ किलोमीटर चालली आणि २४.६० लीटर लागले, म्हणजे १४.८०. दुसऱ्यात १७.१४. इथे माणूस खूश होतो, इंजिन ऑइल बदललं त्याचा गुण आला म्हणतो. तिसऱ्यात १४.९४, म्हणजे पुन्हा काळजी. खरं तर दुसऱ्या खेपेला नोझल अर्धा लीटर आधीच बंद झाली असेल, तर या फरकाचा काही भाग एवढ्यानेच पडू शकतो. राहिलेला तो अर्धा लीटर तिसऱ्या खेपेच्या माथी गेला. तो जागेवर परत ठेवून बघा: दुसरी खेप १६.७८ आणि तिसरी १५.२५. उडी जवळपास एक तृतीयांशाने कमी झाली.

आता चारही खेपा एकत्र घ्या. १,५७५ किलोमीटर, ९९.२० लीटर, ॲव्हरेज १५.८८. शेवटच्या खेपेला अर्धा लीटर कमी-जास्त गेला असेल, तरी हा आकडा दशांशानंतरच जरासा हलतो. मधल्या खेपांच्या चुका एकमेकींत मिटून जातात. पहिल्या आणि शेवटच्या ‘फुल’ची चूक तेवढी उरते, आणि शंभर लीटरमध्ये ती दिसतही नाही. पाच-सात लीटर टाकून ॲव्हरेज काढणाऱ्याच्या हिशेबात तोच अर्धा लीटर धुमाकूळ घालतो.

आणखी एक. खेपांची ॲव्हरेजं काढून त्यांची सरासरी घेऊ नका. शहरात १२० किलोमीटरला १० लीटर लागले (१२ चं ॲव्हरेज) आणि हायवेला ५०० किलोमीटरला २५ लीटर (२० चं), तर दोन्हींची सरासरी १६ दिसते. खरं उत्तर ६२० भागिले ३५, म्हणजे १७.७१. नेहमी एकूण किलोमीटर भागिले एकूण लीटर.

ओडोमीटर खरं बोलतो का?

ओडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. टायर झिजला की चाक लहान होतं, तेवढ्याच अंतराला फेरे जास्त पडतात आणि किलोमीटर फुगतात. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. ती २ वर आली की छोट्या गाडीच्या चाकाच्या घेरात सुमारे दोन टक्के फरक पडतो. म्हणून नवे टायर टाकल्यावर ‘ॲव्हरेज पडलं’ अशी तक्रार ऐकू आली, तर त्यातला काही भाग केवळ कागदावरचा असतो. मोठ्या मापाचे टायर घातले असतील, तर उलट: गाडी जास्त चालते आणि ओडोमीटर कमी दाखवतो.

पडताळणीला हायवेवरचे किलोमीटरचे दगड आहेत. शेजारी बसलेल्याला मोजायला सांगा, गाडी चालवणाऱ्याने मान वळवू नये. एका दगडापासून पुढच्या विसाव्या दगडापर्यंत ट्रिप मीटर २०.४ दाखवत असेल, तर तुमचे किलोमीटर दोन टक्क्यांनी फुगलेले आहेत. हे एकदा करून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

डॅशबोर्डवर दिसणारं ॲव्हरेज इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) किती वेळ उघडा राहिला यावरून काढलेलं असतं. ते बरेचदा वहीपेक्षा जास्त दाखवतं. आज कालपेक्षा बरं की वाईट एवढं बघायला ते ठीक, हिशेब वहीचाच.

पंपाच्या मापाची शंका आली तर विचारायला संकोच करू नका. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने तपासलेलं पाच लीटरचं माप असतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लीटरला २५ मिलिलीटरपर्यंतचा फरक नियमात बसतो.

आकडा का हलतो?

सगळ्यात मोठा हात वाहतुकीचा. जागेवर उभी छोटी गाडी तासाला सुमारे अर्धा ते पाऊण लीटर पेट्रोल पिते, ए.सी. चालू असेल तर आणखी. शून्य किलोमीटर, पण लीटर चालूच. त्याखालोखाल छोट्या फेऱ्या: घरापासून भाजीमंडई, मंडईपासून शाळा. इंजिन तापायच्या आतच गाडी बंद होते, आणि थंड इंजिन जास्त पेट्रोल घेतं. महिन्याचे किलोमीटर तेवढेच असले, तरी नुसत्या अशा फेऱ्यांनी आकडा खाली येतो.

हायवेला वेगाचा प्रश्न. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीच्याही वर जातो. छोट्या गाडीचं इंजिन लहान आणि बांधा उंच. द्रुतगती मार्गावर शंभरने रेटलेली वॅगनआर आणि ऐंशीने नेलेली वॅगनआर यांची वही वेगळी दिसते.

घाटाचा हिशेब जाऊन-येऊन धरा. मुंबईहून पुण्याला बोरघाट चढून आल्यावर लगेच टाकी फुल करून काढलेलं ॲव्हरेज गाडीवर अन्याय करतं, उतरतानाचं फाजील कौतुक. आणि उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते सोडावं लागतं. म्हणजे न्यूट्रलने पेट्रोल वाचत नाही, उलट इंजिनाचा ब्रेक जातो, आणि घाटात तो लागतोच.

जुन्या वहीशी तुलना करणाऱ्यांनी इथेनॉल लक्षात घ्यावं. आपल्याच उसापासून आणि धान्यापासून बनलेलं इथेनॉल २०२५ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळलेलं मिळतं. इथेनॉलमध्ये लीटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींना ६ ते ७ टक्के घट धरली आहे; वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांना १ ते २ टक्के. २०१५ ची गाडी पूर्वी १७ द्यायची आणि आता १६ देते, तर लगेच मेकॅनिककडे धावू नका.

मेकॅनिककडे कधी जायचं?

रस्ता तोच, माणसं तेवढीच, आणि ओळीने तीन टाक्या आकडा दहा टक्क्यांनी खाली, तर गाडीत काहीतरी आहे. आधी टायरची हवा बघा, सकाळी, गाडी थंड असताना. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. मग ब्रेक. दहा-पंधरा किलोमीटर मोकळ्या रस्त्याने, ब्रेक कमी वापरून आलात की उतरून चारही चाकांजवळ तळहात न्या, डिस्कला लावू नका. एकाच चाकाची धग वेगळी जाणवली, तर तिथला ब्रेक चिकटतो आहे. पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास होतं. इंजिन नेहमीपेक्षा थंड राहत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान राखणारी झडप, उघडा अडकला असेल. इंजिनाचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून घ्या, ऑक्सिजन सेन्सर बिघडला की गाडी गरज नसताना पेट्रोल ओतते. ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी धरायची सवय असेल, तर ती क्लच प्लेट आणि पेट्रोल दोन्ही खाते.

एअर फिल्टर बदला, ॲव्हरेज वाढेल, हा सल्ला सगळीकडे मिळतो. फिल्टर वेळेवर बदलावाच. पण तो कार्ब्युरेटरच्या काळातला सल्ला आहे. इंजेक्शनची गाडी हवा मोजून तेवढंच पेट्रोल सोडते, त्यामुळे फिल्टर तुंबला तर पिकअप मरतो, ॲव्हरेज फारसं हलत नाही.

रुपयांत बघा

लीटर १०४ रुपये धरला, तर १६ च्या ॲव्हरेजला किलोमीटरमागे साडेसहा रुपये, १३ ला आठ. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला हा फरक दीड हजाराचा. ऑफिसला चौघांनी मिळून जायचं असेल तर वाटणीही याच आकड्याने करावी, अंदाजाने नाही.

सीएनजीवाल्यांनी हाच हिशेब किलोने करायचा, पण खेपा दुप्पट घ्यायच्या. पंपाचं प्रेशर आणि सिलिंडर किती तापलाय यावर गॅस कमी-जास्त बसतो, त्यामुळे सीएनजीची ‘फुल टाकी’ प्रत्येक वेळी सारखी नसते. आणि अनेक गाड्या सकाळी पेट्रोलवर सुरू होऊन थोड्या वेळाने गॅसवर जातात. ते पेट्रोलही वहीत, वेगळ्या रकान्यात, लिहायचं.