घटस्फोटात घर विकताय? एजंट दोघांचा हवा

विश्रामबागेतला फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल, तर खरेदीखतावर सह्या दोघांच्याच लागणार, मग बोलणं बंद का असेना. म्हणून नवऱ्याचा मित्र किंवा बायकोचा चुलतभाऊ "मी आहे की एजंट" म्हणत पुढे आला, तर हात जोडून नाही म्हणा. सांगलीत ओळखीचा माणूस टाळणं अवघड, हे खरं; पण निदान दोघांच्या सारख्याच ओळखीचा बघा.

पहिल्याच भेटीत विचारा, "गिऱ्हाईक आलं की कुणाला कळवणार?" "दोघांना, एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर," असं म्हणाला तर पुढे बोला. "तुम्हाला आधी सांगतो, साहेब," म्हणणारा पलीकडेही तेच सांगत असतो. घटस्फोटाची बातमी गिऱ्हाइकाच्या कानावर जाता कामा नये, हेही बजावा. नड दिसली की भाव पाडून मागतात.

भाव सांगितला की त्याच भागातल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातले उतारे, त्यांत विक्रीची किंमत असते) दाखवायला लावा. दलाली किती टक्के आणि कुणाच्या वाट्यातून, ते लेखी घ्या. विसार, म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेली आगाऊ रक्कम, मात्र वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नका: कुणाच्या खात्यात किती रक्कम, हे साठेखतात (खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारात) आणि कोर्टातल्या संमतीच्या अटींत (घटस्फोटासाठी दोघांनी मान्य केलेल्या अटींत) सारखंच हवं.