सहावी ते आठवीला शिकवायचे असेल तर

बारावी झालेली किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुले-मुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, डी.एल.एड. करू की बी.एड.?" मी विचारते, कोणत्या वर्गांना शिकवायचं आहे? यावर बहुतेक जण गप्प होतात. शिक्षक व्हायचे हे पक्के असते, पण पहिलीच्या मुलांसमोर उभे राहणे आणि सातवीच्या मुलांसमोर उभे राहणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे कोणी सांगितलेले नसते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत उच्च प्राथमिक, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित-विज्ञान शिकवते. म्हणून पुढचे सगळे या वर्गांपुरतेच.

आधी पात्रता. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि तिच्यासोबत दोन वर्षांचे डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांसाठीची पदविका), किंवा पदवी आणि बी.एड., हे दोन नेहमीचे रस्ते. शिवाय टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर दुसरा. पहिली ते पाचवीसाठी मात्र बी.एड. चालत नाही. २०१८ मध्ये ती मुभा दिली होती, पण ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. अजूनही काही जण "बी.एड. केलं की कुठेही लागता येतं" अशा समजुतीने प्रवेश घेतात. तसे नाही. बारावीनंतर लगेच डी.एल.एड. केलेल्यांना पहिली ते पाचवीचे दार उघडे राहते आणि पुढे पदवी घेतली की सहावी ते आठवीचेही उघडते. घरची परिस्थिती लवकर कमवायला लावणारी असेल, तर मी हाच रस्ता सुचवते.

पदवीचे विषय फार विचार करून निवडा. शिक्षण हक्क कायद्याने या वर्गांना विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक सांगितला आहे आणि ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठेवले आहे. भरती याच गटांनुसार होते. म्हणजे एफ.वाय.ला घेतलेला विषय पुढे तुमची जागा ठरवतो. गुण सहज मिळतात म्हणून घेतलेला विषय रोज वर्गात शिकवावा लागणार आहे, हे त्या वेळी डोळ्यांसमोर हवे.

आता प्रशिक्षण. सुरुवातीला सूक्ष्म अध्यापन असते. सहा मिनिटांचा पाठ, समोर आपलेच सहाध्यायी विद्यार्थी बनून बसलेले, आणि एका वेळी एकच कौशल्य : सज्जता प्रवर्तन (मुलांना पाठासाठी तयार करणे), प्रश्न, चेतक बदल (लक्ष टिकवण्यासाठी आवाज, हालचाल बदलत राहणे), फलकलेखन. पाठ, प्रत्याभरण (पाहणाऱ्यांनी सांगितलेल्या त्रुटी), पुनर्नियोजन, मग पुन्हा पाठ. अनेकांना हे नाटक वाटते. मला ते मनापासून मोलाचे वाटते. प्रश्न विचारून थांबायचे, उत्तर स्वतःच देऊन टाकायचे नाही, ही सवय तिथेच लागते. भरल्या वर्गात ती लागायला फार वेळ जातो.

पाठ टाचण, म्हणजे पाठाचे लेखी नियोजन, कोणाच्या तरी जुन्या वहीतून उतरवण्याची प्रथा सगळीकडे आहे. तसे करू नका. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन हे रकाने भरण्यात अर्थ नसतो, आपण विचारलेल्या प्रश्नाला मूल काय चुकीचे उत्तर देईल याचा आधी विचार करण्यात असतो. माझ्या टाचणाच्या वहीत मी उजवीकडे एक जादा रकाना आखायची : अपेक्षित चुका. पाठ झाल्यावर खऱ्या चुका त्यातच लिहायच्या.

आंतरवासिता, म्हणजे प्रशिक्षणात प्रत्यक्ष शाळेत जाऊन केलेले काम, हा या सगळ्याचा गाभा. बी.एड.मध्ये शाळेतले काम एकूण वीस आठवड्यांचे आहे आणि ते उच्च प्राथमिक व माध्यमिक अशा दोन्ही स्तरांवर व्हावे असे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात छात्राध्यापकांचा (प्रशिक्षण घेणाऱ्यांचा) ओढा नववीकडे असतो, कारण तिथे विषय 'मोठा' वाटतो. तुम्ही सहावी-सातवी आवर्जून मागून घ्या.

का, ते एका उदाहरणाने सांगते. सहावीच्या वर्गात फळ्यावर १/२ + १/३ लिहा. काही मुले हमखास २/५ उत्तर देतील. वरचे वर, खालचे खाली, अशी बेरीज. "चूक, लसावि काढ" असे म्हणून पुढे गेलात तर मूल रीत पाठ करेल, पण समज तीच राहील. त्याच्या दृष्टीने अपूर्णांक म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन संख्या आहेत. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या द्या. एकीचा अर्धा भाग आणि दुसरीचा तिसरा भाग शेजारी ठेवायला सांगा. मग तिसऱ्या पट्टीचे दोन पंचमांश दाखवा आणि विचारा, अर्ध्यात आणखी काही घातलं तर अर्ध्याहून कमी कसं झालं? मूल स्वतःच थबकते. तिथून सहा समान भागांपर्यंत ते आपल्या पायांनी येते.

विज्ञानातही तेच. थंड पेल्याच्या बाहेरचे थेंब आतून झिरपले, असे सातवीतली चांगली हुशार मुलेही सांगतात. पेल्यातल्या पाण्यात थोडी शाई घाला, बर्फ टाका आणि बाहेरच्या थेंबांचा रंग पाहू द्या. हवेतल्या बाष्पाबद्दल मग पानभर समजावावे लागत नाही.

अकरा ते चौदा या वयात मूल अमूर्त विचार करू लागते असे मानसशास्त्रज्ञ पियाजेने मांडले. पण ते एका दिवसात होत नाही. एकाच बाकावर ऋण संख्या सहज वापरणारी मुलगी आणि वजाबाकीचा हातचा अजून चुकणारा मुलगा शेजारी बसलेले असतात. उच्च प्राथमिकच्या शिक्षकाला पुढचा विषय शिकवायचा असतो आणि मागचे राहिलेलेही भरून काढायचे असते, त्याच तासिकेत. म्हणून तिसरी-चौथीची पुस्तकेही नीट वाचलेली हवीत. प्रशिक्षणात यावर फार कमी वेळ दिला जातो आणि मला ते सतत खटकते.

टीईटी पेपर दुसरा १५० गुणांचा, अडीच तासांचा. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र ३०, दोन भाषांचे प्रत्येकी ३०, आणि गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे ६०. चुकीला गुण वजा होत नाहीत. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. प्रमाणपत्र आता आजीवन ग्राह्य आहे. केंद्राच्या सीटीईटीतही मराठी भाषा घेता येते. दोन्ही द्याव्यात. मानसशास्त्रात केवळ व्याख्या विचारत नाहीत, मुलाची एखादी चूक देऊन शिक्षकाने काय करावे असेही विचारतात. अपेक्षित चुकांचा तो रकाना इथे गाइडपेक्षा जास्त कामाला येतो. टीईटी पुढे कधी तरी बघू, हा विचार सोडा. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर सेवेतल्या असंख्य शिक्षकांनाही ती बंधनकारक झाली आहे.

त्यानंतर टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, दोन तास. हिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असे नसते, गुणांवर पवित्र पोर्टलमधून, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून, निवड होते. इथे वेगाचा सराव लागतो, बाकी काही नाही. प्राधान्यक्रम भरताना मुलाखतीसह आणि मुलाखतीशिवाय असे दोन प्रकार असतात, ते समजून घ्या. दूरचा जिल्हा नको असेल तर तो भरूच नका, नंतर बदलीसाठी वर्षे जातात. नियुक्ती झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढायची. या स्तरावर ते २०२३ पासून दरमहा १६ हजार आहे. घरी हा आकडा आधीच सांगून ठेवा.

चाचणी आणि नियुक्ती यांच्यामध्ये बराच काळ जातो. त्या काळात बालभारतीच्या संकेतस्थळावरून सहावी ते आठवीची आपल्या विषयाची पुस्तके उतरवून घ्या, ती मोफत आहेत. प्रत्येक स्वाध्याय स्वतः सोडवा, पुस्तकातली प्रत्येक कृती घरातल्या सामानातून करून बघा. आणि गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून आठवड्यातून एखादी तासिका मागा. शिक्षक कमी असलेल्या शाळेत सहसा नाही म्हणत नाहीत.