रेडिओवाल्यांनो, सोशल मीडियाच्या नादात या चुका टाळा

आमच्या सोलापुरातल्या कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे आसपासच्या लोकांसाठीच्या छोट्या रेडिओ केंद्रावर, दरवर्षी नवीन पोरं येतात, माइक धरायच्या आधी रील काढतात आणि त्याच त्या चुका नव्यानं करतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

डोकं फिरवणारी चूक म्हणजे मोबाईल स्टँडला लावून थेट फेसबुक लाइव्ह. अरे, माइक चालू झाला की स्टुडिओतले स्पीकर बंद होतात, फोनवरचा माणूस फक्त आपल्या हेडफोनमध्ये असतो, मग मोबाईलला काय ऐकू येणार? सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आम्ही नंदीध्वज (मिरवणुकीतली उंच सजवलेली काठी) धरणाऱ्या एका आजोबांना फोनवर घेतलं, रेडिओवर कार्यक्रम झकास झाला आणि फेसबुकवर अर्धा तास आमचा पोरगा एकटाच "हो का, बरं बरं" करत मान डोलावतोय. खाली कमेंट, "काय बे, भूत बोलालंय का पलीकडून?" तेव्हापासून मी मिक्सरच्या (सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राच्या) ऑक्समधून, म्हणजे आवाज बाहेर द्यायच्या जादा जोडणीतून, वायर काढून मोबाईलला देतो आणि दुसऱ्या मोबाईलवर दोन मिनिटं ऐकून बघतो. पोरांना तेवढी दोन मिनिटंच जड जातात.

लाइव्हमध्ये गाणी नकोत, गाणी वाजवायचं रेडिओचं लायसन्स तिथं चालत नाही, आवाज म्यूट होतो.

दुसरी चूक माझीच. व्हॉट्सॲपवर मेसेज आला, उद्या आपल्या भागात पाणी येणार नाही. आपल्याकडं तेव्हा पाणी चार-पाच दिवसाआड यायचं, म्हणून घाईघाईनं वाचून टाकला. मेसेज गेल्या वर्षीचा निघाला, नळ धो धो आले आणि संध्याकाळी एका मावशींचा फोन, "दादा, तुमचं ऐकून नणंदेकडं गेले, घरात घागरभर पाणी नाही." आता दोन बाणवाला, म्हणजे बऱ्याचदा पुढं ढकललेला, फॉरवर्ड सख्ख्या भावानं पाठवला तरी वाचत नाही, आधी त्या वॉर्डातल्या माणसाला फोन. आपल्याला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, पाणी-वीज-ट्रॅफिकची माहिती तेवढी चालते, ती तरी नीट द्या.

व्हॉट्सॲपवर आलेली व्हॉइस नोट आधी डब्ल्यूएव्ही (ऑडिओ फाइलचा एक प्रकार) करून घ्या, सुरुवातीचं "हॅलो हॅलो" कापा. मोबाईल मिक्सरजवळ ठेवू नका, टर्रटर्र वाजतं. "पहिल्या फोनला चादर" अशी स्पर्धा ॲपवरून रेडिओ ऐकणाऱ्यांसाठी नको, त्यांना आवाज उशिरा पोचतो.

आणि दर तीन मिनिटाला "कमेंट करा" बंद करा. आपला ट्रान्समीटर 100 वॉटच्या आतला, आवाज जवळपासच पोचतो, ऐकणाऱ्यात विड्या वळणाऱ्या बायका जास्त, तंबाखूच्या हातानं त्या कमेंट कुठं टाइप करत बसतील? फोन नंबर सांगा, सावकाश, दोनदा.