कड्यावरचे दोन हंसराज कसे ओळखायचे

सह्याद्रीच्या ओलसर कातळावर पावसाळ्यात काळपट देठाचे, पिसासारखे हंसराज नावाचे नेचे लोंबतात. पानाचं टोक कातळाला टेकून मुळं धरतं, एवढ्यावरून जात ठरवू नका. ॲडिॲन्टम फिलिपेन्स आणि ॲडिॲन्टम इन्सायझम या हंसराजाच्या दोन जाती, दोन्ही तसंच करतात. दहापट भिंगातून मधला देठ उजेडात आडवा धरून पाहा. फिलिपेन्सचा देठ गुळगुळीत, अर्धचंद्राकृती पर्णिकांना (पानाच्या छोट्या पाकळ्यांना) प्रत्येकी तारेसारखा बारीक देठ. इन्सायझमचा देठ लवेने भरलेला, पर्णिका जवळपास बिनदेठाच्या, वरची कड खोल कातरलेली. कोवळ्या पानावर हमखास फसगत होते. जून पान न खुडता उलटून पाहा: बीजाणू झाकणारी कडेची घडी फिलिपेन्समध्ये लांब पट्टीसारखी, इन्सायझममध्ये सुट्या गोलसर तुकड्यांची.