झाडपाल्याची औषधं घेताय? मग या चुका टाळा

आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावलपासून पार धडगावपर्यंत, आठवडे बाजारात मुळ्या-साली घेऊन बसलेलं कुणी ना कुणी दिसतंच, आणि घरी आणलं की एकच वाक्य, "झाडपालाच शे, काय व्हई?" होतं भो, बरंच काही होतं. ज्याचा गुण येतो त्याचा अवगुणही येऊ शकतो, ही साधी गोष्ट आहे.

सगळ्यात जास्त घोळ गुळवेलीचा. कोरोनात घराघरात काढे उकळले, त्यानंतर काहींच्या लिव्हरला त्रास झाल्याचे रिपोर्ट आले आणि मग चर्चा सुरू झाली की ती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल. २०२२ मध्ये आयुष मंत्रालयानेही सांगितलं की गुळवेल सुरक्षित आहे, पण टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची तिची बहीण वेगळी आहे, ती घेऊ नका. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी-गाठी असतात, हाताला खडबडीत लागतात. पानं दोघींची पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची, त्यामुळे नुसत्या पानावरून ओळखायला जाऊ नका, आणि बाजारात वाळलेले तुकडे मिळाले तर ओळख अजूनच अवघड. शक्यतो जाणकाराकडून ओळखून घेतलेली ओली वेल घ्या.

खरी गुळवेल असली तरी शुगरची गोळी चालू असेल तर जपून, कारण ती पण साखर खाली आणते. सकाळी गोळी, वर काढा, वर नाश्ता नाही, मग अंगाला घाम, हातपाय थरथर. असं झालं तर लगेच साखर-पाणी द्या आणि काढा बंद करा, गोळी मनाने बंद करू नका. संधिवातासारखे प्रतिकारशक्तीचे आजार असतील किंवा ती दाबायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल नकोच.

दुसरी चूक काविळीची. नाकात कडू वेलीचा रस टाकतात, पिवळं पाणी वाहतं आणि सगळे म्हणतात "कावीळ उतरली". ती कावीळ नाही हो, तो रस इतका तिखट असतो की नाकाची आतली त्वचा सुजते आणि ते पाणी सुटतं. मग गुण कसा येतो? कारण दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटीस ए बहुतेकांना विश्रांतीने आपोआपच बरी होते, नाव मात्र वेलीचं होतं. पण कावीळ पित्ताच्या खड्याची किंवा हिपॅटायटीस बी ची निघाली तर वाट बघण्यात वेळ जातो. रक्त तपासा, सोनोग्राफी करा, आणि गरोदर बाई असेल तर एक दिवसही थांबू नका.

बिब्बा तर आपला घरचाच. टाचेच्या भेगांवर लावतात, पण त्याचं तेल कातडीवर फोड आणतं आणि काहींना सगळ्या अंगावर पुरळ उठतं. लागलंच तर साबणाने धुवा, फोड फोडू नका, डोळ्याजवळ गेलं तर सरळ दवाखाना. पोटात घ्यायचा बिब्बा वैद्य शुद्ध करून देतात, तुम्ही चुलीत भाजलेला तो नाही. रुईचा चीकही डोळ्यात जाऊ देऊ नका, बुबुळाला इजा होते.

बाकी छोट्या गोष्टी. कोरफडीचा गर काढताना तो पिवळा चीक आधी निथळून जाऊ द्या, नाहीतर जुलाब ठरलेले. ज्येष्ठमध रोज चघळाल तर बीपी वाढतं, बीपीवाल्यांनी तर लांबच राहा. मध उकळत्या काढ्यात टाकू नका, कोमट झाल्यावर टाका, आणि काढा त्या दिवशीचा त्या दिवशीच संपवा. पानं वाळवायची ती सावलीत, मे महिन्यात भुसावळ-जळगावला गच्चीवर टाकली तर त्यातला सुगंध उडून नुसता पाचोळाच हाती लागतो. पावसाळ्यात बरणीत बुरशी दिसली की सगळंच फेका, वरचं काढून खालचं वापरायचं नाही.

काही घेतल्यावर लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, भूक मेलेली किंवा उलट्या सुरू झाल्या तर बंद करा आणि डॉक्टरांकडे जाताना ती मुळी किंवा पानं पिशवीत घालून सोबत न्या, नुसतं "काहीतरी पाला घेतला होता" म्हटलं तर त्यांना काय कळणार.